तीस किलोमीटरचं वर्तुळ

विरारहून सुटलेली डहाणू लोकल वैतरणा खाडी ओलांडते आणि मुंबई खऱ्या अर्थानं मागे पडते. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशी स्टेशनं जातात. दोन्ही अंगांना भाताची खाचरं, ताड, मधूनच खाजण. बोईसरला मात्र गाडी निम्म्याहून अधिक रिकामी होते. एमआयडीसीत पाळीवर निघालेल्यांचा लोंढा पश्चिमेकडं उतरतो आणि त्याच गर्दीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली 'टॅप्स'ची माणसं दिसतात. तारापूर अणुविद्युत केंद्राला या भागात सगळे टॅप्सच म्हणतात. केंद्राच्या वसाहतीचं नावही टॅप्स कॉलनी.

पहिल्यांदा येणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र तारापूर गावात नाही, ते गावाच्या दक्षिणेला घिवली आणि अक्करपट्टीच्या किनाऱ्यावर आहे. बोईसरहून पास्थळ, कुरगावच्या बाजूनं गेलं की वाटेत नारळाच्या वाड्या लागतात, आणि एका वळणावर केंद्राचे घुमट समोर येतात. मला त्या घुमटांच्या आत जायचं नव्हतं. मी आलो होतो कुंपणाबाहेर चालणारं काम पाहायला. विहिरीचं पाणी, गाईचं दूध, गवत, चिखल, बोंबील, बकऱ्याचं मांस यांचे नमुने गोळा करून त्यांतली किरणोत्सारिता मोजायचं हे काम इथं पहिली अणुभट्टी पेटण्याच्या आधीपासून चालू आहे. अणुऊर्जेवरच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक तावातावानं बोलतात. पण या मोजणीबद्दल नीट माहिती असलेला माणूस मला मुंबईतही क्वचित भेटला आणि पालघरातही. म्हणून रीतसर अर्ज केला आणि नमुने गोळा करणाऱ्या जीपमध्ये जागा मिळाली.

आधी केंद्राविषयी थोडं. इथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या. 1964 मध्ये करार झाला आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. भट्ट्या मूळ 210 मेगावॉटच्या होत्या, पुढं त्यांची क्षमता 160 वर आणली गेली. 2020 मध्ये त्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. शेजारच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या पूर्णपणे भारतीय बनावटीच्या, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या. त्यांतली चौथी 2005 मध्ये आधी सुरू झाली आणि तिसरी 2006 मध्ये. याच आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे, म्हणजे बीएआरसीचे, वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही आहेत.

दोन्ही जातींच्या भट्ट्यांमधून बाहेर पडणाऱ्या गोष्टी सारख्या नाहीत आणि पर्यावरण तपासणाऱ्याला हे पक्कं माहीत असावं लागतं. जुन्या दोन भट्ट्यांमध्ये पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनवर जाते. त्यामुळं वाफेबरोबर आलेले क्रिप्टॉन, झेनॉन यांसारखे किरणोत्सारी वायू काही काळ अडवून, गाळून, उंच धुराड्यातून सोडावे लागतात. नव्या भट्ट्यांत जड पाणी वापरतात. जड पाण्यातल्या हायड्रोजननं न्यूट्रॉन शोषला की ट्रिटियम तयार होतं. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच भाऊबंद, तो पाण्याच्या रूपातच वावरतो. हवेतल्या दमटपणात मिसळतो, विहिरीत उतरतो. त्याचं अर्धायुष्य बारा वर्षांहून थोडं जास्त आणि त्याचे बीटा कण इतके दुबळे की साध्या गायगर काउंटरला त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणजे 2005 नंतर इथल्या तपासणीत ट्रिटियमचं महत्त्व एकदम वाढलं. हवेतला ओलावा पकडायचा, त्याचं पाणी करायचं, ते ऊर्ध्वपातन करून घ्यायचं आणि चमकणाऱ्या द्रवात मिसळून मोजायचं, हा रोजचा परिपाठ झाला.

हे काम करणाऱ्या जागेचं नाव पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा. तिची कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातली ओळख 'ईएसएल'. केंद्र चालवतं ते न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, ही प्रयोगशाळा मात्र बीएआरसीच्या आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरण गटाच्या हाताखाली येते. केंद्राच्या प्रमुखाला प्रयोगशाळेच्या आकड्यात खाडाखोड करता येत नाही. देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ अशी प्रयोगशाळा आहे आणि ती बांधकाम चालू असतानाच, भट्टी सुरू होण्याच्या काही वर्षं आधी, कामाला लागते.

या आधीच्या वर्षांचं मोल मला तिथं गेल्यावर खऱ्या अर्थानं कळलं. 1950 आणि 60 च्या दशकांत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि इतर देशांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यांचं सिझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 जगभर पावसाबरोबर खाली आलं, तसं ते पालघरच्या भातखाचरांतही आलं. सिझियमचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, त्यामुळं त्याचा अंश आजही मातीत सापडतो. आता समजा, भट्टी सुरू झाल्यावर प्रथमच कुणी घिवलीच्या मातीत सिझियम मोजलं असतं. ते बॉम्बचं की भट्टीचं, हे कशाच्या आधारावर ठरवणार? भट्टी सुरू होण्यापूर्वीची नोंद हातात असली तरच या प्रश्नाला उत्तर आहे. त्या काळी बीएआरसीत ए. के. गांगुली यांच्या नेतृत्वाखाली आरोग्य भौतिकीचा विभाग उभा राहिला. भारतात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना 1994 साली आली. तारापूरच्या किनाऱ्यावर ही दृष्टी त्याआधी कितीतरी वर्षं होती, याचा एक मराठी माणूस म्हणून मला अभिमान वाटला.

जीप सकाळी निघाली. चालकाशेजारी एक वैज्ञानिक सहायक आणि मागं प्लास्टिकचे कॅन, बर्फाची पेटी, फावडं, पिशव्या, नोंदवही. पहिला थांबा एका घराच्या ओटीवर. तिथं खांबाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक छोटी बंद डबी बांधली होती. तिच्यात कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम मिसळून बनवलेल्या चकत्या असतात. किरण त्यांच्यावर पडत राहतात तशी ऊर्जा त्या स्फटिकांत अडकत जाते. तीन महिन्यांनी डबी काढून प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. जितका प्रकाश तितका डोस. या डबीला सगळे 'टीएलडी' म्हणतात. सहायकानं जुनी काढली, नवी बांधली, दोन्हींचे क्रमांक वहीत लिहिले. घरातल्या आजींनी विचारलं, "भाऊ, पुन्हा बदलली काय?" ते म्हणाले, "हो आजी, तिमाही झाली." एवढंच. डबीत काय आहे याची त्यांना फार विचारपूस करावीशी वाटत नव्हती. त्यांच्या घरातल्या कॅलेंडरइतकी ती डबी त्यांच्या सवयीची झाली होती.

अशा डब्या केंद्रापासून निरनिराळ्या अंतरांवर टांगलेल्या असतात. भट्ट्यांपासून 1.6 किलोमीटरपर्यंतचा पट्टा वस्तीसाठी निषिद्ध. त्यापुढं पाच किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर लक्ष ठेवलं जातं. सोळा किलोमीटरचं वर्तुळ आणीबाणीच्या नियोजनाचं आहे. त्या वर्तुळात काय करायचं याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते आणि ठरावीक काळानं त्याची रंगीत तालीम होते. नमुने मात्र तीस किलोमीटरपर्यंत घेतात. पालघर शहर आणि डहाणू ही दोन्ही ठिकाणं त्यात बसतात. लांबचे नमुने का, असं मी विचारलं. उत्तर सोपं होतं. केंद्राचा प्रभाव असेल तर तो जवळ जास्त आणि लांब कमी दिसायला हवा. जवळची आणि लांबची संख्या सारखीच आली, तर ती संख्या निसर्गाची किंवा जुन्या बॉम्बची असते.

इथं भूगोलही मदतीला येतो. आपला हा किनारा काळ्या पाषाणाचा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम थोडंच असतं. त्यामुळं इथली नैसर्गिक पार्श्वभूमी कमी आहे. केरळात चवरा भागातल्या मोनाझाइटच्या वाळूवर ती कितीतरी पटींनी जास्त भरते. पार्श्वभूमी कमी असली की बाहेरून आलेली थोडीशी भरही नजरेत येते. तपासणाऱ्याच्या दृष्टीनं पालघरची जमीन चांगली साथ देते.

पुढं विहिरीचं पाणी, एका गोठ्यातलं दूध, बांधावरचं गवत. गवताचा नमुना घेताना सहायकानं जागा दोनदा पाहिली. मतलई वारा रात्री जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, दिवसा समुद्राचा वारा आत येतो आणि पावसाळ्यात तर नैर्ऋत्येकडून तो सरळ गावांवर येतो. केंद्राच्या आवारात वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारा मनोरा आहे. धुराड्यातून निघालेली हवा कोणत्या ऋतूत कुठं जमिनीला टेकेल याचा हिशेब त्यावरून होतो आणि मग नमुन्याची जागा ठरते. आपल्या सोयीची, रस्त्याकडेची जागा निवडून चालत नाही.

एका खाटकाकडं थांबलो तेव्हा मी थोडा गोंधळलो. सहायकानं तिथून बकऱ्याची थायरॉइड ग्रंथी घेतली, लहानशी, पिशवीत भरून बर्फात ठेवली. भट्टीतून आयोडीन-131 निसटलं तर ते गवतावर बसतं. बकरी दिवसभर रानात चरते, बरंच क्षेत्र पिंजून काढते, आणि तिनं खाल्लेलं आयोडीन थायरॉइडमध्ये गोळा होतं. हवेत किंवा गवतात यंत्राला सापडणार नाही इतकं कमी आयोडीनही त्या ग्रंथीत सापडू शकतं. शिवाय आयोडीन-131 चं अर्धायुष्य आठ दिवसांचं. ते सापडलं तर गोष्ट जुन्या चाचण्यांवर ढकलता येत नाही, काहीतरी ताजं घडलेलं असतं. गावात कापलेल्या बकऱ्याच्या गळ्यातल्या त्या तुकड्याकडं नंतर मी आदरानं पाहिलं.

समुद्राकडं जायला ओहोटीची वेळ साधली होती. तारापूरचा समुद्र तळकोकणासारखा निळा नाही. खंबातचं आखात जवळ असल्यानं भरती-ओहोटीचा जोर मोठा, उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी पाचएक मीटरनं खाली-वर होते आणि पाणी कायम गढूळ. या गढुळपणाला तपासणीत फार महत्त्व आहे. केंद्रातलं द्रवरूप सांडपाणी टाक्यांत साठवतात, नमुना तपासतात आणि मगच थंडाव्यासाठी घेतलेल्या समुद्राच्या पाण्याच्या मोठ्या प्रवाहात मिसळून सोडतात. त्यातलं सिझियम बरंचसं विरघळून पाण्याबरोबर दूर जातं. कोबाल्ट, मँगनीज यांचा कल मात्र गाळाला चिकटण्याकडं. म्हणून नुसतं पाणी तपासून भागत नाही, चिखल आणि चिखलातले जीव तपासावे लागतात. कालवं तर जस्त आपल्या अंगात साठवतात, म्हणून भट्टीतून आलेलं जस्त-65 शोधायचं तर कालवांत शोधायचं. घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून सहायकानं फावड्यानं वरचाच थर उचलला. खोल खणला असता तर जुना गाळ मिसळला असता.

किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडींवर बोंबील सुकत होते. एका कोळीण मावशींकडून मांदेली, बोंबील आणि थोड्या चिंबोऱ्या घेतल्या. रोख पैसे, घासाघीस न करता. मासळी बाजारातली नको असते, याच पाण्यातली हवी असते. म्हणून डोलीचं जाळं कुठं लावलं होतं हे विचारून वहीत लिहिलं. मावशी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझ्या सासूपासून हे लॅबवाले मासे नेतात. पण त्यांच्यात काय निघालं ते आजवर आमाला कोणी सांगितलं नाय." त्या रागावून बोलल्या नव्हत्या. पण त्यांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण या साऱ्या तपासणीवरचा मला सापडलेला सर्वांत नेमका आक्षेप तोच आहे.

प्रयोगशाळेत मासे पुन्हा पाहिले. घरी साफ करतात तसेच साफ केलेले, कारण खाल्ला जाणारा भागच मोजायचा असतो. वजन होतं, मग प्रयोगशाळेतल्या भट्टीत वाळवून ते राखेत बदलतात. तापमान फार चढू देत नाहीत, नाहीतर सिझियम उडून जाईल. कित्येक किलो मासळीची मूठभर राख उरते आणि मोजायच्या गोष्टी तिच्यात एकवटतात. ती राख जर्मेनियमच्या शोधकावर जाते. शोधक द्रव नायट्रोजननं उणे 196 अंशांपर्यंत थंड केलेला आणि भोवती शिशाची जाड भिंत, बाहेरचे किरण आत येऊ नयेत म्हणून. तासन् तास मोजणी चालते. पडद्यावर हळूहळू एक आलेख उभा राहतो आणि त्यात मधेच टोकदार शिखर येतं.

मी पाहिलेल्या आलेखातलं सर्वांत उंच शिखर 1460 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर होतं. ते पोटॅशियम-40 चं. ते पृथ्वीच्या जन्मापासूनचं. केळ्यात, भाजीत, माशात आणि तुमच्या-माझ्या शरीरातही असतं. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-40 चे चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. सिझियम-137 चं शिखर यायचं तर ते 662 वर येतं. तिथं आलेख जवळपास सपाट होता. स्ट्रॉन्शियम-90 गॅमा किरण देतच नाही. त्याला रसायनांनी वेगळं करावं लागतं, मग त्यातून तयार होणारं यिट्रियम पुरेसं जमेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. घाई करून चालत नाही. माशांत पोलोनियम-210 ही सापडतं, पण ते समुद्राचं स्वतःचं, जगातल्या कुठल्याही समुद्रातल्या माशात असतं.

नोंदवहीत बऱ्याच रकान्यांत 'बीडीएल' लिहिलेलं असतं, म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. याचा अर्थ शून्य असा नाही, हे प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ बाईंनी मला आवर्जून सांगितलं. त्याचा अर्थ इतकाच की या यंत्राला, इतक्या वेळात, इतक्या राखेत ते दिसलं नाही. म्हणून शोधमर्यादा किती ते शेजारी लिहावं लागतं. तपासणीला येणारे हेच तपासतात. ज्ञात प्रमाणाचं सिझियम असलेला नमुना मोजून यंत्र बरोबर सांगतं का, ते पाहतात. नुसत्या शुद्ध पाण्याची बाटली नमुन्यासारखीच सगळ्या पायऱ्यांतून नेली जाते, तिच्यात काही सापडलं तर दोष प्रयोगशाळेचा. सारखाच नमुना दोन प्रयोगशाळांना देऊन आकडे जुळवले जातात, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही जगभरातल्या प्रयोगशाळांना असे नमुने पाठवत असते. टीएलडीच्या डब्या वाहून नेताना जो डोस लागला तो वजा करायला एक डबी सोबत फिरवतात. कागदावर साधी वाटणारी ही काळजी नसेल तर आलेला आकडा कुचकामी.

अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे, निरीक्षक ठरावीक काळानं येतात. 1983 साली हे मंडळ स्थापन झालं. हवेत आणि पाण्यात किती सोडायचं याची प्रत्येक केंद्राला मर्यादा घालून दिलेली असते. धुराड्यातल्या मोजणीयंत्राच्या नोंदी, टाकीनिहाय सोडलेलं पाणी आणि प्रयोगशाळेचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे निरीक्षक पाहतात. इतकं सोडलं असं केंद्र म्हणतं, तर मग माशात किती यायला हवं आणि प्रत्यक्षात किती आलं? या दोन टोकांची सांगड हा त्या कामाचा कणा.

शेवटी सगळं एका आकड्यावर येतं. केंद्राजवळ राहणाऱ्या, इथलाच मासा, इथलीच भाजी, इथलंच दूध खाणाऱ्या माणसाला वर्षभरात किती डोस मिळाला? त्यासाठी गावातल्या जेवणाचं सर्वेक्षण करतात. घिवली-दांडीतल्या कोळ्याच्या ताटात मासे किती आणि बोईसरच्या नोकरदाराच्या ताटात किती, यात पुष्कळ फरक आहे आणि डोस नेहमी सर्वांत जास्त खाणाऱ्याच्या बाजूनं मोजतात. सामान्य माणसासाठी आवारातल्या सर्व प्रकल्पांची मिळून वर्षाची मर्यादा एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे 1000 मायक्रोसिव्हर्ट. जगात माणसाला निसर्गाकडून सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. एईआरबी आपल्या वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्राचा आकडा छापतं आणि तारापूरचा आकडा मर्यादेच्या अगदी थोड्या हिश्श्याएवढा असतो. मी ज्या पद्धतीनं तो काढला जाताना पाहिला, तिच्यावर माझा विश्वास बसला. हे मी मोकळेपणानं सांगतो.

पण मावशींचा प्रश्न बाकी राहतोच. अहवाल इंग्रजीत, आकडे मायक्रोसिव्हर्टमध्ये आणि वाचायला इंटरनेट हवं. ज्यांच्या ओटीवरची डबी, ज्यांच्या गोठ्यातलं दूध, ज्यांच्या जाळ्यातला बोंबील, त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत काही जात नाही. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांनी जमीन आणि किनारा दिला त्यांच्या मनात शंका राहणार, आणि ती शंका नुसत्या 'सगळं सुरक्षित आहे' या वाक्यानं फिटत नाही. प्रयोगशाळा केंद्राच्या हाताखाली नाही, हे खरं. पण प्रयोगशाळा आणि केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली येतात. नियामक मंडळाला स्वतंत्र कायद्याचं बळ नाही, अशी टीका 2012 मध्ये खुद्द कॅगनं केली होती. लोक विचारतात तो प्रश्न अडाणीपणाचा नाही.

बाहेर काय करतात ते पाहावं. अमेरिकेत प्रत्येक केंद्राला भोवतालच्या नमुन्यांचा वार्षिक अहवाल सरकारी नियामकाला द्यावा लागतो आणि तो पूर्णच्या पूर्ण लोकांसाठी खुला असतो, प्रत्येक नमुन्याच्या आकड्यासकट. ब्रिटनमध्ये अन्नातल्या आणि पर्यावरणातल्या किरणोत्सारितेचा अहवाल दरवर्षी निघतो. त्यात सेलाफील्डजवळच्या मच्छीमारांच्या खाण्याचा तपशील असतो. फ्रान्सनं 2006 च्या कायद्यानं प्रत्येक अणुकेंद्राभोवती स्थानिक माहिती समिती बंधनकारक केली. तिथं गावचे निवडून आलेले लोक, कामगार संघटना आणि पर्यावरणवाले एका टेबलाशी बसतात आणि हवं तर स्वतंत्र प्रयोगशाळेकडून नमुने तपासून घेतात. तारापूरला हे अवघड नाही. आकडे आहेतच. ते फक्त उघड्यावर आणायचे आहेत.

परतीच्या वाटेवर मी नवापूरला गेलो. केंद्रापासून दक्षिणेला काही किलोमीटरवर. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचं सांडपाणी याच समुद्रात येतं. इथला वास नाकाला लगेच कळतो, मोजायला यंत्र लागत नाही. आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी, सगळीकडची कोळी माणसं वर्षानुवर्षं सांगताहेत की किनाऱ्याजवळची मासळी गेली. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहतीला 93.69 गुण मिळाले, देशातल्या सर्व औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत जास्त. इथं जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं हरित लवादाकडं दाद मागितली आणि 2022 मध्ये लवादानं कारखान्यांवर पर्यावरण-भरपाई बसवली.

ज्या किनाऱ्यावर अणूची इतकी बारीक मोजणी होते, त्याच किनाऱ्यावर रसायनांचा हिशेब न्यायालयाच्या दारात करावा लागतो. हा विरोधाभास मला सहन होत नाही. अणुकेंद्राभोवती पहिल्यापासून तीन गोष्टी पाळल्या गेल्या. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती मोजून ठेवली, मोजणारा चालवणाऱ्याहून वेगळा ठेवला आणि हिशेब थेट कोळ्याच्या ताटापर्यंत नेला. एमआयडीसी उभी राहिली तेव्हा आघात मूल्यांकनाचा कायदाच नव्हता, म्हणून पहिल्या गोष्टीला आता उशीर झाला. उरलेल्या दोन्ही आजही करता येतात. माशातला पारा, शिसं, कॅडमियम मोजायला अणुशास्त्र लागत नाही.

आणि आता वाढवण. केंद्रापासून उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर समुद्रात भराव घालून मोठं बंदर होतं आहे. 30 ऑगस्ट 2024 ला त्याची पायाभरणी झाली. गाळाची हालचाल बदलेल, गाळाबरोबर त्याला चिकटलेलं सगळं हलेल. डोलीची जाळी कुठं लावायची याचाही नव्यानं विचार करावा लागेल. पापलेट हा आता महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, 2023 मध्ये तशी घोषणा झाली. तो ज्या सातपाटीच्या नावानं ओळखला जातो ते गाव याच किनाऱ्यावर आहे. या पाण्याची, गाळाची, माशांची आजची नोंद आज झाली नाही तर ती पुन्हा कधीच होणार नाही.

पालघर, डहाणू आणि बोईसर परिसरातल्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा. तुमच्या हद्दीत पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेनं घेतलेल्या नमुन्यांचे निकाल वर्षातून एकदा मराठीत, मर्यादेच्या आकड्यासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, असा. त्याच ठरावात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडंही मागणी करा, की नवापूर ते सातपाटी पट्ट्यातल्या मासळीची धातूंसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निकालही त्याच फलकावर यावेत. ठराव झाला नाही तर माहितीचा अधिकार आहेच, अर्जाची फी दहा रुपये.